तव्यावरचा हात

रेवतीची एक खोड बायजाबाई तांडेलांना ती लग्न होऊन घरात आली तेव्हापासून खपत नव्हती. चुकलं तर ही बाई मान खाली घालत नसे, समजावून सांगत बसे. कालवण खारट झालं, तर जिभेला मीठ कसं कळतं ते सांगायची. दूध उतू गेलं, तर सायीखाली वाफ कशी कोंडते ते सांगायची. आवाज चढवायची नाही, उलट उत्तर द्यायची नाही. भांडणाऱ्या सुनेशी निदान भांडता तरी येतं. समजावणाऱ्या सुनेचं करायचं काय? बायजाबाई शेजारच्या चांगुणेला म्हणायच्या, "माझ्या घरात सून नाय आली गो, मास्तरीण आली. मी दुसरीतून पळाले, तर शाळा म्हातारपणी दारात येऊन बसली."

पण मांडवखोलच्या अख्ख्या कोळीवाड्यात बायजाबाईंना एकाच माणसाची अक्कल मान्य होती, आणि ती हिचीच. मुलगा दामोदर बोटीवर असला की बरा, यापलीकडे त्याच्याबद्दल त्या काही बोलत नसत. रेवती जिल्ह्याच्या इस्पितळात नसांच्या आजारांच्या विभागात यंत्रं सांभाळायची. सकाळी एसटीने जायची, संध्याकाळी यायची, आणि सुट्टीच्या दिवशी सासूबरोबर खळ्यावर मासळी वाळत घालायची. तिला ते जमत नसे, पण ती सोडत नसे. हे बायजाबाईंनी बघून ठेवलं होतं.

खळं म्हणजे गावाखालचा सपाट किनारा. तिथे बांबूच्या वलांड्या उभ्या, त्यांना दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांची जबडी एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला लोंबतो, एक त्या बाजूला. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की हीच सुकी मासळी गावाला पोसते. आता नव्या बंदरवाल्या कंपनीला कंटेनर मांडायला सपाट जागा हवी होती, आणि त्या सगळ्या खडकाळ किनाऱ्यावर सपाट जागा एवढीच होती. कंपनीने दुसरीकडे सिमेंटचा ओटा बांधून देऊ म्हणून सांगितलं. बायजाबाई तो ओटा बघून आल्या. तिथे वाराच नव्हता. "बोंबील सुकायचे नायत, कुजतील," एवढं सांगून त्यांनी खळ्याच्या वाटेवर गोणपाट अंथरलं आणि बसल्या. मागोमाग गावच्या बायका बसल्या.

बसण्याचे नियम बायजाबाईंनीच घातले. एक, रिकाम्या हाताने बसायचं नाही. टोपल्या आणायच्या, मासळी निवडायची. दोन, शिवी द्यायची नाही. हा दुसरा नियम ऐकून बायका हसल्याच, कारण मांडवखोलच्या बायकांच्या शिव्या खाडीपलीकडे ऐकू जात आणि त्यात बायजाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर असे.

"शिवी म्हंजे दगडच," बायजाबाई म्हणाल्या. "वेचावा लागत नाय एवढंच."

"मग आक्का, आधी तुमचं तोंड शिवायला पाहिजे," चांगुणा म्हणाली.

"शिवलंय. दोरा बघ."

समोर पोलिसांची रांग उभी होती. पण त्यांच्या लाठ्यांची कोणाला फारशी भीती नव्हती, कारण सगळ्यांच्या मानेवर पट्टे होते.

या पट्ट्याचं शास्त्र रेवतीने एकदा भाकऱ्या थापता थापता सासूला सांगितलं होतं. "बोटाला काटा टोचला ना आई, तर बोटाला नुसता काटा असतो. दुखणं तिथे नसतं. बोटातून नसेवाटे खबर निघते, पाठीच्या कण्यातून वर चढते, मेंदूत पोचते. मेंदू म्हणतो, दुखलं. पट्टा मानेमागे बसतो आणि कण्यातून वर जाणारी ती खबर मधेच ऐकतो. ऐकतो आणि जोडीच्या पट्ट्याला कळवतो. तो पट्टा त्याच्या माणसाच्या कण्याला तशीच्या तशी खबर देतो. जखम एकालाच, कळ दोघांना."

"म्हंजे चहाडखोर हाय."

"चहाडखोरच. पण उपयोगाचा."

इस्पितळात तो आला होता न बोलणाऱ्या रोग्यांसाठी. तान्हं मूल का रडतं, अंगावरून वारं गेलेल्या माणसाला कुठे ठणकतं, ते डॉक्टर पट्टा घालून स्वतःच्या अंगात ओळखायचे. पुढे एका मोर्चावर लाठीमार झाला, माणसं दगावली, आणि कोर्टाने हुकूम काढला: जे लोक हत्यार न घेता, आधी तसं लिहून देऊन बसतील, त्यांच्या आणि समोरच्या पोलिसांच्या मानेवर जोडीचे पट्टे हवेत. मारणाऱ्याला मार लागलाच पाहिजे. पोलिसाने पट्टा काढला तर त्याने हात उचलला असंच धरलं जाईल. दुखण्यावर छत घातलेलं होतं. डोळ्यांत पाणी येईल इतपतच कळ पलीकडे जायची, शुद्ध हरपेल इतकी नाही. थोड्याच काळात राज्यातले लाठीमार थांबले. आपला मार आपल्यालाच लागतो म्हटल्यावर मारणार कोण? पेपरांनी लिहिलं, की अहिंसेला अखेर यंत्र सापडलं.

सकाळी पट्टे वाटताना कोणाची जोडी कोणाशी ते यंत्रच ठरवायचं. चांगुणा म्हणाली, "बोंबलांसारखं करून टाकलंन आपल्याला. एक इकडं लोंबतोय, एक तिकडं."

बायजाबाईंच्या जोडीला सुग्रीव आंधळे नावाचा शिपाई आला होता. बीडकडचा पोर, समुद्र पहिल्यांदाच बघत होता आणि सुक्या मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावून उभा होता. पहिल्याच दिवशी बायजाबाई शिंगाळे निवडत होत्या. शिंगाळ्याचा काटा विषारी, पण त्यांच्या बोटांना त्याचं काय. टोपलीत हात फिरत होता, आणि समोर सुग्रीव एकदम नाचल्यासारखा उडाला.

"मावशी, काय करायलात? हाताला काय चावायलंय तुमच्या?"

बायजाबाईंनी हात वर केला. अंगठ्यातून रक्त येत होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

"काटा हाय रे. रोजचाच."

"रोजचा?" सुग्रीव अंगठा दाबून धरत म्हणाला. "मावशी, जीव जायलाय माझा."

रांगेत आणखी दोन-तीन शिपाई बोटं चोखत होते. मांडवखोलच्या बायकांची चूक ही, की आपल्याला टोचतं हेच त्या विसरून गेल्या होत्या. मेंदूने ऐकायचं सोडलं होतं. नस मात्र इमानाने खबर पाठवत होती, आणि पट्टा ती नवख्या माणसाच्या घरी नेऊन टाकत होता. बायजाबाईंना लाज वाटली. त्यांनी अंगठ्याला चिंधी बांधली, आणि सगळ्यांना शिंगाळे बाजूला ठेवून जवळा निवडायला लावला.

"आपण त्यांना टोचायला नाय बसलो," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने सुग्रीव हळूच म्हणाला, "मावशी, डावा गुडघा असा दुखतो तुमचा, अन् तुम्ही दिवसभर मांडी घालून बसता?"

गुडघ्याचं बायजाबाईंनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी मांडी तेवढी बदलली. पण दुसऱ्या दिवशी सुग्रीव बांधकामावरून एक लाकडी पाट घेऊन आला, आणि त्या तो घेऊन बसल्या. त्या दिवसापासून त्याने नाकाचा रुमालही काढला. तुकडीचे फौजदार शेलार त्यांना "आजी" म्हणत, वाऱ्याला पाठ करून उभे राहत, आणि एकदा तर चांगुणेकडून आईसाठी जवळा घेऊन गेले, अगदी घासाघीस करून. बायजाबाईंच्या मनात आलं, यंत्र चहाडखोर आहे, पण वाईट नाही.

मग कंपनीच्या हातात ताबा घेण्याचा हुकूम आला. सकाळी वाटेच्या तोंडाशी माती उकरायची यंत्रं उभी राहिली, पिवळी, घराएवढाली. शेलारांनी सांगितलं, "आजी, आता उठा. आज मला तुम्हाला उचलावंच लागेल. उचलण्यात मारणं नाही."

"उचला," बायजाबाई म्हणाल्या. "आम्ही परत येऊन बसू."

"मी परत उचलेन."

"आम्ही परत बसू. तुमची पाठ आधी जाईल, साहेब."

दोघंही थोडं हसले. तेवढ्यात मागच्या बाजूला, जिथे बायकांनी दुपारच्या भाकऱ्यांसाठी चूल मांडली होती, तिथे रेवती उठून उभी राहिली. तिने कामावरून सुट्टी काढली होती, आणि त्या दिवशी तिची जोडी शेलारांशी होती. ती चुलीजवळ गेली, तापलेल्या तव्याकडे बघितलं आणि डावा तळहात त्यावर टेकवला.

ती ओरडली नाही. ओरडले शेलार. हात पोटाशी धरून ते वाळूत गुडघ्यांवर आले. रेवतीने हात उचलला तरी त्यांचं थांबेना. भाजलेलं तवा सोडला म्हणून थांबत नाही. लाठीचा मार क्षणाचा, आणि पट्ट्याच्या छताचा हिशोब त्या क्षणापुरता केलेला. कळ किती वर जावी हे बांधलेलं होतं, किती वेळ चालावी हे कोणी बांधलं नव्हतं. आणि लिहून देताना लोकांनी दुसऱ्यावर हात न उचलण्याचं लिहून दिलेलं. स्वतःवर न उचलण्याचं लिहून घ्यावं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इस्पितळात रोज ते यंत्र हाताळणाऱ्या बाईच्या ते डोक्यात आलं.

शेलारांना पट्टा काढता येत नव्हता. काढला तर नोकरी गेली. त्यांनी दात आवळून दुसऱ्या हाताने खूण केली आणि तुकडी मागे घेतली. यंत्रं वळली. गावभर ढोल वाजले.

बायजाबाई ढोलाकडे गेल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी सुनेच्या हाताला मलम लावलं. तळव्याची कातडी सुटली होती.

"दुखतं?"

"खूप."

"बरं झालं. आता बोल."

रेवती बोलली, नेहमीसारखीच, शांतपणे. "आई, मी कोणाला बोट लावलं नाही. माझा हात, माझी कातडी. तुम्हीच सांगितलंत ना, मार द्यायचा नाही, घ्यायचा. मी घेतला. उपोषण करणारा माणूस काय करतो? स्वतःला त्रास देतो आणि समोरच्याला बघायला लावतो. इतके दिवस समोरचा डोळे मिटून घेऊ शकत होता. आता मिटता येत नाहीत. फरक तेवढाच आहे."

मुद्दा पक्का होता. बायजाबाईंना त्याचाच राग आला. पण फरक तेवढाच नव्हता, एवढं त्यांना कळत होतं.

"शेलार जाताना माझ्याकडं बघून गेला नाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"त्याचं काय?"

"रोज बघायचा."

"आई, खळं वाचलं."

"आज वाचलं."

दुसऱ्या दिवशी गोणपाटावर तरुण पोरी काड्यापेट्या घेऊन बसल्या. कोणी सुई आणली, कोणी डोळ्यांत घालायला मिरचीपूड. कोणालाच काही करावं लागलं नाही. एका पोरीने नुसती काडी ओढली की समोरची रांग अंग चोरून घ्यायची. मग एकीने काडी ओढली आणि विझवलीच नाही, मनगटाशी नेली. तिच्या जोडीला बाबर नावाचा पिकल्या केसांचा हवालदार होता. तो छाती धरून बसला, मग आडवा झाला. त्याला उचलून गाडीत घालेपर्यंत गोणपाटावरून हसू उठलं. टाळ्या वाजल्या. "आणखी कोण हाय?" असं कोणीतरी ओरडलं.

बायजाबाईंनी त्या हसणाऱ्या तोंडांकडे वळून बघितलं. सगळी घरची तोंडं. मग समोर बघितलं. सुग्रीव त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यांनी पदर सावरायला हात उचलला तेव्हा तो दचकला.

लहानपणी धक्क्यावरच्या एका संपात त्यांनी बापाला असं दचकताना बघितलं होतं. समोरच्या पोलिसाने नुसती टोपी सरळ केली होती. लाठी कशी असते ते त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं. लाकूड असलंच पाहिजे असं नाही. हात उचलला की समोरचा दचकतो, ती लाठी.

"काड्या टाका," त्या म्हणाल्या. पोरींनी रेवतीकडे बघितलं. "तिकडं काय बघता? मी बोलतेय. काड्या टाका, नायतर घरी जा."

काड्या टाकल्या गेल्या, पण उशीर झाला होता. हवालदार बाबर वाचला, मात्र त्याचं चित्र राज्यभर फिरलं. चार ठिकाणच्या आंदोलनांत लोकांनी तव्याची युक्ती उचलली. पोलिसांच्या बायका कोर्टाच्या दारात बसल्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोर्टाने पट्ट्यांचा हुकूम तहकूब केला. राज्यातल्या सगळ्या पट्ट्यांचे दिवे एकाच संध्याकाळी विझले. आता पूर्वीसारखं. लाठी इकडची, मार तिकडचा.

रेवती ती बातमी वाचून घराच्या पडवीत बसली होती. तिने काही समजावून सांगितलं नाही.

"कोळशाच्या खाणीपाशी लोक बसलेत, आई. तिकडे धरणाशी बसलेत," ती म्हणाली. "सगळ्यांचे पट्टे गेले. उद्या इथे लाठीमार होणार. मी पुढे बसते. माझ्यामुळे झालंय."

"तू मागं बसायचंस. शेवटच्या रांगेत."

"का?"

"तुझा हात दिसला की शेलारला तवा दिसंल. त्यानं मला बघायला हवंय."

सकाळी ऊन चढायच्या आत तुकडी आली. मानेवर पट्टे नव्हते आणि शेलारांच्या तोंडावर काहीच नव्हतं. आजी म्हणाले नाहीत. हुकूम वाचला, वेळ दिली, वेळ संपली. बायका मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. टोपल्याही बायजाबाईंनी दूर ठेवायला लावल्या होत्या. ज्याच्याकडे नुसतं बघून कोणी दचकेल असं काहीच जवळ नको. चांगुणा त्यांना खेटून बसली होती.

"आक्का, मला पळावंसं वाटतंय."

"मलापण. बस."

शेलार स्वतः पुढे आले. शिपायांना सांगता आलं असतं, पण ते स्वतः आले, यावरून बायजाबाईंनी ओळखलं की हा हिशोब हुकमाचा नाही, तळहाताचा आहे. लाठी खांद्यावर पडली. आत काहीतरी काडकन मोडलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात त्यांना आजवर ठाऊक असलेल्या सगळ्या शिव्या ओळीने येऊन उभ्या राहिल्या. शेलारांच्या आईच्या, बापाच्या, सात पिढ्यांच्या. एक तर जिभेच्या टोकावर आली. बायजाबाईंनी ती गिळली. आयुष्यात त्यांनी एवढं जड काही गिळलं नव्हतं.

लाठी पुन्हा वर गेली.

"दुसरी मारायची तर मारा, साहेब," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण गेला नव्हता. "पण माझ्याकडं बघून मारा. पहिली न बघता मारलीत."

शेलारांनी बघितलं. बघायचं नव्हतं, पण कोणी बोलावलं की माणूस बघतो. लाठी वरच होती. त्यांचा डावा हात आपसूक पँटवर घासला जात होता, तळहात आत दाबून.

"हात अजून दुखतो?" बायजाबाईंनी विचारलं.

शेलारांनी तो हात थांबवला.

"आमच्या घरच्या बाईनं त्या दिवशी तुमच्यावर हात टाकला. तुम्ही काय तिला मारलं नव्हतंत. उभे होतात. त्या बाबरानं तर आमचं काहीच केलं नव्हतं, आणि तो पडल्यावर आम्ही हसलो. त्याची माफी मी मागते, सगळ्या गावाच्या वतीनं, सगळ्यांदेखत. खळ्याची मागत नाय. खळं आमचं हाय आणि आम्ही इथून उठणार नाय. आता काय ते करा."

लाठी वर होती ती तिथेच राहिली, मग हळूहळू खाली आली, मारायला नव्हे. सुग्रीव रांगेतून पुढे आला, त्याने आपली लाठी वाळूत आडवी ठेवली आणि मागे जाऊन उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं, कुठला पट्टा नव्हता. त्याच्या शेजाऱ्याने ठेवली. मग तिसऱ्याने. शेलार त्यांना ओरडले नाहीत. बऱ्याच वेळाने ते फोनवर कोणालातरी म्हणाले, "नाही सर. माझ्याच्यानं होणार नाही. दुसरं कोणी पाठवा." आणि पलीकडचं बोलणं संपायच्या आत फोन बंद केला.

खळं वाचलं असं म्हणायला कोणी तयार नव्हतं. यंत्रं वाटेच्या तोंडाशीच उभी राहिली. शेलारांची त्याच दुपारी बदली झाली. कलेक्टरसाहेबांचा निरोप आला, की येत्या आठवड्यात खळ्यावर येऊन वारा बघतो, ओटाही बघतो. पण तोवर हुकूम हुकूमच आहे आणि उद्या नवी तुकडी येईल.

बायजाबाईंना जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात अडकवून त्या खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या, आणि समोर स्टुलावर रेवती बसली, फडकं बांधलेला हात मांडीवर ठेवून. दुपारचं ऊन दोघींच्या मधे पडलं होतं.

"आई, मी आता खळ्यावर येत नाही," रेवती म्हणाली. "कोर्टात जाऊन सांगते, की पहिलं मी केलं. माझी लायकी नाही तिथे बसायची. पुढे चांगुणाकाकूंना बसवा. त्यांनी कधी मुंगी मारली नाही."

बायजाबाईंनी तिला बोलू दिलं. मग म्हणाल्या:

"झालं बोलून? आता माझं ऐक. तू मारलंस. हात तुझा जळला म्हणून मार कमी होत नाय. तू त्या दिवशी म्हणालीस फरक तेवढाच, तो केवढा हाय ते आज खांद्यावर पडल्यावर मला कळलं. शेलारनं मला मारलं तेव्हा थांबणं त्याच्या हातात होतं. म्हणून तो थांबू शकला. तू त्याला थांबायला काय ठेवलंस? तो काहीच करत नव्हता, मग सोडायचं काय त्यानं? उपाशी बसणारा समोरच्याला विचार करायला वेळ देतो, तू त्याला गुडघ्यावर आणलंस. असं आणलेला माणूस वळत नाय, डूख धरतो. ते मी भोगलं, तक्रार नाय माझी. कोर्टात जा, खरं सांग, ते तुझं कर्तव्यच हाय. पण जाऊन ये आणि खळ्यावर बस. माझ्या जागेवर, सगळ्यांच्या पुढं. चांगुणा नको. तिच्यात मारायची ताकदच नाय, तिनं हात आवरला तर कोणाला काय कळणार? तुझ्यात ती हाय, अख्ख्या राज्यानं बघितली. ती अंगात ठेवून, हात मांडीवर घेऊन तू बसशील, तेव्हा समोरच्याला कळंल की आम्ही घाबरून गप्प नाय बसलोय. भीती वाटंल, वाटू दे. शिवी येईल, गिळ. जागा सोडलीस तर मला सासू म्हणायचं नाय. आणि हात उचललास, कोणावरपण, स्वतःवरसुद्धा, तरी म्हणायचं नाय."